तिच्या वाटचा नमस्कार

या, अशा जवळ येऊन बसा. सतरंजी मोठी आहे, पण गोष्ट हळू आवाजातली आहे. लांब बसलात तर अर्धीच ऐकू येईल, आणि प्रेमाची गोष्ट अर्धी ऐकली की उरलेली माणूस मनानंच रचतो. मी तेच केलं होतं... म्हणून तर हे सगळं घडलं. कीर्तनाला बसतो तसं बसा, टाळी देता येईल इतपत हात मोकळे ठेवून. हात मोकळे असणं ही केवढी गोष्ट आहे, ते शेवटी सांगते.

त्या दिवशी मी पेटी दुरुस्त करून नाशिकहून गावी निघाले होते. आमचं गाव दिंडोरीच्या पुढं, वणीच्या रस्त्याला. पेटीच्या भात्याला नवं चामडं लावलं होतं. बसच्या हादऱ्यांनी ते उसवू नये म्हणून मी पेटी खिडकीशी सीटवर ठेवली आणि शेजारी स्वतः बसले. गाडी भरत आली तसा एक मुलगा येऊन उभा राहिला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“यांचं तिकीट काढलंय का?”

“कुणाचं?”

“या खिडकीशी बसल्यात, त्यांचं.”

“ती पेटी आहे.”

“दिसतंय. बोलेनात, म्हणून म्हटलं राग आलाय की काय.”

“योग्य माणूस भेटला की बोलते ती.”

तो हसला, पेटी अलगद उचलून खिडकीशी बसला आणि ती मांडीवर घेतली. दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला दिलं की माणूस जसा जपून श्वास घेतो ना, तसा तो गावापर्यंत बसला होता. त्याचं नाव सार्थक. घर नाशिक रोडला, वडील नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आणि तो स्वतः आमच्या गावाबाहेरच्या वायनरीत नोकरीला.

मी दोन बोटं सरकून बसले.

“का हो?” त्याला कळलंच.

“आमचे आबा माळकरी आहेत.”

“मग मला तर आबांनी गुरू करावं. रोज वीस-पंचवीस वाईन तोंडात घेतो आणि थुंकतो. नोकरीच ती. तोंडापर्यंत आलेलं पोटात जाऊ द्यायचं नाही... सांगा, याच्याएवढं कडक व्रत तुमच्याकडं कुणाचं आहे?”

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर फवारणीचा ब्लोअर चालू होता, बागेवर फवाऱ्याचं धुकं पसरलं होतं, आणि त्या धुक्यातून काचेवर मला माझंच हसू दिसत होतं.

उतरताना त्यानं पेटी माझ्या हातात दिली. “हिचं नाव काय?”

“पेटीला नाव नसतं.”

“आणि वाजवणारीला?”

“हरिपाठाला या. आबा हाक मारतील तेव्हा कळेल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मंदिरात हजर. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, “उज्वले, पेटीची काळी चार धर” अशी हाक मारली, आणि टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेतून एक जण उगाचच खाकरला.

टाळ मात्र त्याला काही केल्या जमेना. सगळ्यांचा टाळ पडून गेला की मागून त्याचा एकटा वाजायचा. आठवडाभरानं मी म्हटलं, “तुम्ही दरवेळी मागं पडता.”

“मुद्दाम पडतो. त्याशिवाय तुम्ही वळून बघत नाही.”

त्या संध्याकाळी माझीच काळी चार चुकली. आबा नुसते माझ्याकडं बघत राहिले... आबांना कीर्तनात अर्थ सांगावा लागत नाही, तसाच घरातलाही लागत नाही. पुढं ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही.

फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणी सुरू झाली आणि वायनरीत हंगामापुरती कामाला तीन परदेशी माणसं आली. एक दाढीवाला इटलीचा, एक गिटारवाला स्पेनचा, आणि एक लुसी. फ्रान्सची.

लुसीचं वर्णन मला सरळ मनानं करता येणार नाही. आता करते, तेव्हा केलं नसतं. केस मक्याच्या तुऱ्यासारखे तांबूस, नाकावर तिळांची पखरण, आणि हसली की अख्खी हसायची, खांद्यांसकट. द्राक्षं निवडून भरायच्या ज्या पॅकहाउसमध्ये मी घडांची साखर मोजायचं काम करत होते, तिथल्या बायकांकडून ती मराठी शिकली. “मी लय थकली,” म्हणायची. “ह्यो घड लय ग्वाड हाय.” बायका तिच्यावर जीव टाकायच्या. बायडाबाई तर तिला रोज डब्यातली भाकरी द्यायची. आमच्या पॅकहाउसमध्ये बायडाबाईनं भाकरी दिली, म्हणजे गावानं दिली.

मीही जीव टाकला असता. पण ती सार्थकच्या गाडीवर मागं बसायची... दोन्हीकडं पाय टाकून, त्याची टोपी घालून. आणि मी त्या गाडीवर अजून एकदाही बसले नव्हते.

“तुझी पाहुणी मजेत आहे ना?” मी विचारायची.

“माझी कसली? कंपनीची पाहुणी आहे.”

“टोपी कंपनीची आहे का?”

“उन्हं आहेत म्हणून दिली.”

“मलाही उन्हं लागतात.”

“तुला ओढणी आहे.”

बघा, पुरुषांना इतकं साधं उत्तर सुचतं आणि तेवढ्यानं रात्रीची झोप जाते. मत्सराचं असं असतं, त्याला खायला काही लागत नाही. एक टोपी मिळाली तरी चार दिवस तग धरतो.

ही तिघं आपापल्या देशात हंगाम नसला की जत्रेत सोंगं करत. मोठ्यांची, श्रीमंतांची, पाद्र्यांची, सगळ्यांची टिंगल. लुसीच्या मनात आलं, इथून जाण्याआधी या गावासाठी एक खेळ करावा. ‘आम्ही तुमच्या गावात काय पाहिलं’ असा. गावकऱ्यांनाही गंमत वाटली. मार्चमध्ये आमचा हरिनाम सप्ताह बसतो. त्यासाठी मंडप आधीच उभा राहणार होता, म्हणून आदल्या संध्याकाळी तिथंच खेळ ठरला. मराठी सार्थकनं लिहून द्यायचं.

मग काय, रोज तालीम. वायनरीच्या फाटकाशी चिंचेखाली. मी आत पाऊल टाकणार नाही म्हणून सार्थकनं तालीमच बाहेर आणली होती, पण तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की दोघं एका कागदावर वाकतात, तो एक शब्द दहादा म्हणून दाखवतो आणि ती त्याच्या ओठांकडं बघून तो शिकते.

खेळ मात्र झोंबरा होता. परदेशी पोरीला बायका विचारतात तसं, ‘लगीन झालं का? का नाय झालं? पगार किती?’ द्राक्षं चाखून तोंड वाकडं करणारा आणि जाताना खिसा भरून नेणारा व्यापारी. गळ्यात माळ, आणि वायनरीच्या मागच्या दारानं पाण्याची बाटली भरून नेणारा एक बुवा. आणि शेवटी, फेटा बांधून कीर्तनाला उभी राहिलेली लुसी, जिचा मोबाईल मधेच वाजतो आणि ती विठ्ठलाला ‘होल्ड’वर ठेवते. हातात वीणा म्हणून एक काठी.

कीर्तन संपलं की लुसी ती काठी खाली ठेवायची, आणि प्रेक्षकांना वाकून हात जोडायची.

तिथंच माझ्या मनात टाळ वाजला. आमच्याकडं वीणा खाली ठेवत नाहीत. घरात असली तर खुंटीवर, हातात आली तर गळ्यात. सप्ताहात तर सात दिवस, आठही प्रहर कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभा असतो. एकाचा पहारा संपला की दुसरा तिला आपल्या गळ्यात घेतो, एकमेकांच्या पाया पडतात, पण वीणा भुईला टेकत नाही. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. नाशिक रोडच्या सार्थकला नव्हतं. फ्रान्सच्या लुसीला कुठून असणार?

तेवढ्यात सार्थक माझ्याकडं वळला. “तू सांग. काही खटकतंय का? तू म्हणशील ते काढून टाकतो.”

मी तोंड उघडलं होतं. अगदी खरं सांगते, शब्द ओठावर आला होता. पण त्याच वेळी कागद बघायला लुसीनं मागून येऊन त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. सहज... फांदीवर पाखरू टेकावं तशी.

“नाही,” मी म्हटलं. “छान आहे.”

तोंडापर्यंत आलेलं मी थुंकून टाकलं.

बरं, तेवढ्यावर तरी थांबावं? लुसी मला म्हणाली, “उज्वला, खरी वीणा मिळेल? मला नीट धरायला शिकव.” मी घरी जाऊन आबांकडं मागितली. आबांची वीणा त्यांच्या वडिलांपासूनची, दांड्याला हात लागून लागून काळीभोर झालेली. आबा म्हणाले, “परदेशातली पोर ईना घिऊन हुभी ऱ्हाती म्हन्ते? दे की. लय भाग्याचं हाय.” खुंटीवरून त्यांनी स्वतः काढून दिली.

मी ती लुसीच्या गळ्यात घातली. पट्टा सारखा केला. तारेवर बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. सगळं शिकवलं. एक सोडून.

खेळाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. लगीन झालं का म्हणून विचारणाऱ्या बायकांवर बायकाच पोट धरून हसल्या. व्यापाऱ्यावर तर टाळ्याच. बाटलीवाला बुवा आला तेव्हा हसू जरा दबकं झालं, चार माळकरी शेजाऱ्याकडं बघू लागले, तरी मागून कुणीतरी शिट्टी मारलीच. मोबाईल वाजवणाऱ्या कीर्तनावर म्हातारी माणसं कुरकुरली. पण ऐकत होती. आबासुद्धा उपरण्याआड हसले. सार्थक कनातीपाशी उभा होता. त्यानं लांबून माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. जमलं, अशा अर्थानं.

आणि लुसीनं वीणा गळ्यातून काढली. पायांपाशी, फळीवर ठेवली. आणि दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून गावाला नमस्कार केला.

टाळी वाजली नाही. मंडपात नुसती ट्यूबलाइटची गुणगुण. लुसी वाकलेलीच राहिली, टाळीची वाट बघत. पहिली बायडाबाई उठली. पदर खोचला आणि निघाली. तिच्यामागं बायकांची रांगच्या रांग.

मग सप्ताह कमिटीच्या संतोषनं माईक हिसकावला. “आपण ह्यांला जेवू घातलं, आन् ह्ये आपल्याच माळंवर हसत्यात?” झालं. आत्ता ज्या ज्या गोष्टीवर माणसं हसली होती, ती एकेक उलटून वर आली. बाया म्हणाल्या आमची नक्कल केली, माळकरी म्हणाले आम्हाला दारुडे ठरवलं. कुणी गिटार ढकललं, कुणी वायर उपटली. आबा हळूहळू चालत फळीपर्यंत गेले. वीणा उचलली, उपरण्यानं पुसली आणि उराशी धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

“वीणा दिली कुनी ह्यांला?” संतोषनं विचारलं.

मी उठायला हवं होतं. मी सतरंजीची दशी ओढत बसून राहिले.

“मी मागून नेली,” सार्थक म्हणाला. “काय करणार ते सांगितलं नव्हतं. लिहिलंही मीच. चूक माझी आहे.”

आबांना खरं ठाऊक होतं, ते माझ्याकडं बघत होते, पण सार्थकनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. मला वाचवायलाच त्यानं नजर वळवली नाही, हे मला कळत होतं. तरी मनातली ती कीड म्हणालीच... बघ, तिला वाचवतोय.

दुसऱ्या दिवसापर्यंत वीणा खाली ठेवल्याचा तेवढाच तुकडा चार गावांच्या मोबाईलवर फिरला. सप्ताह संपला की बैठक, असं ठरलं. वायनरीला या गावची द्राक्षं द्यायची की नाही, त्याचा निकाल तेव्हा. तोवर त्या तिघांनी आणि सार्थकनं गावात पाऊल टाकायचं नाही.

सप्ताह बसला. मी पेटीवर. रोज संध्याकाळी कीर्तन, आणि तुम्हाला ठाऊक आहे, कीर्तन ऐकायला मिळालं की मला जेवण नको, झोप नको. पण त्या सप्ताहात महाराज जे जे आख्यान लावत, त्यातली सगळी दुष्ट पात्रं माझ्याकडंच बघत. सार्थकचे निरोप येत होते. ‘बरी आहेस ना?’ ‘आबा कसे आहेत?’ एकाही निरोपात ‘तू का नाही सांगितलंस’ असं नव्हतं. त्याला वाटत होतं, तालमीत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उत्तर काय देणार होते मी?

पाचव्या दिवशी दुपारी लुसी पॅकहाउसच्या मागच्या दाराशी आली. टोपी नव्हती. नाकाचं टोक उन्हानं सोललेलं.

“उज्वला, मला एक सांग. आमच्याकडं पण लोक चिडतात, एकदा टोमॅटो फेकले. पण तेव्हा मला माहीत असतं, मी कुठं चिमटा काढला. इथं मी चिमटे काढले तेव्हा हसले. नमस्कार केला तेव्हा चिडले. का?”

“तुला सार्थकनं नाही सांगितलं?”

“त्याला आता कळलं, वीणा खाली ठेवायची नाय. पण मग नमस्कार कसा करायचा? हात तर दोनच.”

मला हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही. ती पुढं म्हणाली, “तो म्हणतो, उज्वलाला विचार. तो प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतो. ह्या शब्दाला उज्वला हसेल का? हे उज्वलाला आवडेल का? मला लय कंटाळा आला तुझा.” मग तिनं डावा खांदा किंचित वर उचलला, मान कलती केली आणि हवेत बोटं फिरवली. “तू पेटी अशी वाजवते. तो रोज करून दाखवतो. मी तुला भेटायच्या आधी मला तुझा खांदा माहीत होता.”

सोंग करणारीच ती. हुबेहूब मीच होते.

लाज कुठून येते ठाऊक आहे? पायांतून. मी तिथंच क्रेटवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. हनुवटीचंसुद्धा. तिनं एक क्रेट ओढला आणि माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “मी खरंच सगळ्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवते. दाढीवाल्याच्या पण. दाढी टोचते.” जाताना वळली. “तू वाईट केलं, उज्वला. माझा नमस्कार खराब झाला.”

संध्याकाळी आबांसमोर बसले. आबा ऐकत होते, हातात माळ, मणी एका जागी थांबलेला.

“ईना मी त्या पोरीला नव्हती दिली,” शेवटी म्हणाले. “तुझ्या भरवशावर दिल्ती.”

“हो.”

“मत्सर म्हंजी मिलीबग. वरून घड कसा झक दिसतो, आन् किडा खोडाच्या सालीखाली. फवारून मरत नाय तो. साल सोलाया लागती.” आबांनी मणी पुढं ढकलला. “काल्याच्या दिवशी सकाळी बायकांचा पहारा हाय. त्या पोरीला बोलीव. ईना तिनं खाली ठिवली, तिनंच वर धरायची. आन् साल तुझी तू सोल. माईकवर.”

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या सकाळी लुसी आली. सार्थक तिला गाडीवरून घेऊन आला, पण वेशीवरच्या निंबापाशीच थांबला. बंदीचा शब्द त्यानं पाळला. संतोष आडवा आला. “आबा, तिच्या गळ्यात माळ नाय.”

“चूक तिची म्हन्तो ना तू? मग भरपाई बी तिलाच करू दे,” आबा म्हणाले. “दोन तास हुभं ऱ्हायचं हाय, संतोष. तुला तरी कुठं जमतं? गेल्या साली भिताडाला टेकला व्हता.”

आधीच्या पहाऱ्याला मोहिनीकाकू होत्या. त्यांनी कुरकुरत वीणा लुसीच्या गळ्यात घातली, आणि रिवाजाप्रमाणं तिच्या पायांना हात लावला. लुसी गडबडली. तिनंही वाकायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हातांनी वीणा घट्ट कवटाळली. भुईपासून हातभर वर. मंडपातल्या सगळ्या नजरा त्या हातभर जागेवर होत्या.

मी माईक घेतला.

“रामकृष्णहरी. त्या दिवशी सार्थक खोटं बोलला. वीणा मी दिली होती. ती खाली ठेवणार, हे मी तालमीत बघितलं होतं. त्यानं मला विचारलंही होतं, काही खटकतंय का म्हणून. मी नाही म्हटलं. माझ्या मनात मत्सर होता. हिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. चूक माझी आहे.”

माझा आवाज भोंग्यावरून वेशीपर्यंत गेला आणि परत माझ्याच कानावर आला. मी लुसीशेजारी जाऊन उभी राहिले.

एक तास झाला. दुसरा अर्धा झाला. लुसीच्या मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता, घाम हनुवटीवरून ठिबकत होता, हो, त्याच हनुवटीवरून. पण तारेवरचं बोट थांबलं नाही. शेवटी बायडाबाई उठली. लुसीसमोर आली, तिला खालून वर न्याहाळलं आणि वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. वीणेकऱ्याच्या पाया पडतात आमच्याकडं, वय बघत नाहीत.

लुसीचे डोळे भरले. “उज्वला,” ती कुजबुजली, “मी आता काय करू? माझे हात...”

“मान झुकव फक्त. वीणेकऱ्याला हात जोडता येत नाहीत. त्याच्या वाटचा नमस्कार शेजारच्यानं करायचा.” शेजारी मी होते. मी हात जोडले. तिच्या वाटचे.

बायडाबाईनं पदरानं लुसीच्या हनुवटीवरचा घाम टिपला आणि मंडपाकडं वळून म्हणाली, “आता इचारा हिला, लगीन झालं का?”

आधी बायका हसल्या. मग सगळा मंडप. सगळेच विरघळले असं मात्र नाही हं. संतोष पुढं वर्षभर माझ्याशी बोलला नाही, आणि बाटलीवाल्या बुवाचा राग काही घरांत अजून आहे. कुणाच्या घरात, ते सांगायला नकोच. पण बैठक काही झाली नाही. द्राक्षं वायनरीला गेली.

काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली. लाह्या, दही, पोहे, लोणचं, सगळ्यांचं सगळ्यात मिसळलेलं, आणि जो तो शेजाऱ्याच्या तोंडात घास घालत होता. मी मूठभर काला घेतला आणि वेशीकडं निघाले.

सार्थक गाडीला टेकून उभा होता.

“ऐकलंस?”

“भोंगा आहे. चिमण्यांनीही ऐकलं.”

“रागावलास?”

“हो.” सरळच म्हणाला. “मी खोटं बोललो, तेव्हा वाटलं होतं की तुझी काहीच चूक नसताना तू उगाच भरडली जाशील.”

मी मान खाली घातली. बोटांमधून दही गळत होतं.

“मत्सर कशाचा, ते नाही सांगितलंस माईकवर,” तो म्हणाला.

“सगळंच माईकवर नसतं सांगायचं.”

“इथं भोंगा नाही.”

“तिनं तुझ्या खांद्यावर... हनुवटी ठेवली होती.”

त्यानं आपल्याच खांद्याकडं बघितलं, जणू हनुवटी अजून तिथंच आहे. “हा खांदा?”

“हाच.”

“आणि तेवढ्यासाठी चार गावं पेटवलीस?”

“तेवढंच नव्हतं ते... माझ्यासाठी.”

आता त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, त्याला राग म्हणता आलं नसतं. “उज्वला, मी अजून रागावलेलो आहे. पण आज मला दोन्ही एकदम करावं लागणार, असं दिसतंय.”

“दोन्ही म्हणजे?”

“तुझ्या हातातलं आधी दे. गळून चाललंय.”

मी घास पुढं केला. “चव घेऊन थुंकायचं नाही.”

“हे व्रत फक्त वाईनपुरतं आहे,” तो म्हणाला, आणि माझ्याच हातातला उरलेला काला उचलून त्यानं माझ्या तोंडात घातला. दही आंबट होतं. लाही कुरकुरली. मला आठवतंय, निंबाचा मोहोर त्याच्या केसांवर पडला होता, आणि तो झटकायला माझा एकही हात स्वच्छ नव्हता.

“आता बस,” तो गाडीकडं बघून म्हणाला.

“कुठं जायचंय?”

“कुठंही नाही. नुसती बस.”

मी बसले. उभ्या गाडीवर, एका बाजूला पाय घेऊन, दह्याच्या हातांनी. आणि... आता तुमच्यापासून काय लपवायचं... हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली.

लुसी एप्रिलमध्ये गेली. आमच्या लग्नाला तिला येता आलं नाही, हंगाम होता तिकडं. दर सप्ताहाला तिचा निरोप येतो, ‘ईना खुंटीवर हाय ना?’ ती अजून गावोगाव सोंगं करते, अजून माणसं चिडतात. पण खेळ संपला की ती आता हात जोडत नाही म्हणे. छातीशी दोन हात असे धरते, काहीतरी कवटाळल्यासारखे, आणि मान झुकवते. तिकडच्या लोकांना वाटतं, हाही सोंगाचाच भाग.

झाली माझी गोष्ट. आता उठाल, हात जोडाल, घरी जाल. तर एवढं करा. कुठंही वीणेकऱ्यासमोर उभे राहाल, काल्याचा घास तोंडात घालाल, तेव्हा त्या तांबूस केसांच्या पोरीची एकदा आठवण काढा. तिचा पहिला नमस्कार माझ्यामुळं वाया गेला. तिचे हात मोकळे नसतात. तिच्या वाटचा तेवढा तुम्ही करा.